व्याह्यांच्या गावचं चर्च

व्याह्यांच्या घरी रिकाम्या हातांनी जायचं नाही, हा आमच्या सौभाग्यवतींचा कायदा सातासमुद्रापलीकडेही लागू आहे. त्यामुळे यंदा मे महिन्यात आम्ही जर्मनीला निघालो तेव्हा माझ्या बॅगेत माझे कपडे कमी आणि व्याह्यांचा आहेर जास्त होता. भाजणीच्या चकल्या, आल्याच्या वड्या, एक सोलापुरी चादर आणि शेंडीचा नारळ. ‘‘आई, इथे नारळ मिळतो,’’ असं निखिलने फोनवर सांगून पाहिलं. ‘‘शेंडीचा मिळतो का?’’ असं सुनंदाने विचारलं, तेव्हा त्याने विषय बदलला.

निखिल आमचा मुलगा. मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि बरीच वर्षं कोलोनमध्ये नोकरी करतो. त्याची बायको योहाना तिथल्याच शाळेत शिकवते. लग्न ठरल्यावर तिने मराठी शिकायचं मनावर घेतलं आणि आता ती आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांपेक्षा नीटस बोलते. फक्त ‘ळ’ तिच्या जिभेला वळत नाही. नात ईरा सहा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं, त्यामुळे आजी-नातीचं भांडण दोन भाषांत चालतं आणि तरी दोघींनाही एकमेकींचं म्हणणं बरोबर कळतं.

कोलोनचं ते प्रचंड कॅथेड्रल मी तीनदा पाहिलं आहे. ऱ्हाइनमध्ये बोटीतून फिरलो आहे, आणि निखिलच्या आग्रहाखातर ड्युसेलडॉर्फच्या उंच मनोऱ्यावर चढून भोवळही आणून घेतली आहे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते एका खेड्यातल्या विटांच्या चर्चबद्दल. तिथे प्रवासी कधी जात नव्हते आणि आता गावकरीही राहत नाहीत.

कोलोन, गुरुवार

जर्मनीत मे महिन्यात सुट्ट्यांचा सुकाळ असतो. येशू स्वर्गात गेला त्याची सुट्टी गुरुवारी येते, मग शुक्रवारी रजा टाकून लोक चार दिवस जोडून घेतात. या रजेला ते ‘पुलाचा दिवस’ म्हणतात. असले पूल आमच्या सरकारी खात्यात आम्ही जन्मभर बांधले, पण त्यांना इतकं चांगलं नाव द्यायचं कुणाला सुचलं नाही.

त्या गुरुवारी दुपारी सुनंदाने दाण्याचं कूट करायला खलबत्ता काढला. घरात मिक्सर आहे, पण मिक्सरच्या कुटाला चव नसते हे तिचं ठाम मत. पाचव्या मिनिटाला दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या. वर काही दुरुस्ती चालू आहे का, असं त्यांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, कारण आज सुट्टी आणि सुट्टीच्या दिवशी ‘रूहं’, म्हणजे शांतता पाळायची असते. निखिल घाईघाईने माफी मागायला लागला. सुनंदाने आतून आदल्या दिवशी केलेला दाण्याचा लाडू आणला आणि बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी तो उभ्याउभ्याच खाल्ला. जाताना त्या योहानाला म्हणाल्या, की पुढच्या वेळी शनिवारी सकाळी कुटा, आणि मला आठवणीने एक आणून द्या.

संध्याकाळी चहाचे कप घेऊन मी आणि योहाना बाल्कनीत बसलो होतो. 

‘‘बाबा, मला तुमच्याकडे एक काम आहे,’’ ती म्हणाली. ‘‘पप्पांना चर्चमध्ये न्यायचंय. आमच्या गावच्या. शनिवारी.’’

तिच्या गावची गोष्ट मला तुटक तुटक माहीत होती. गावाचं नाव व्हेस्टरात. कोलोनपासून तासाभराच्या आत. त्या भागात जमिनीखाली कोळसा आहे आणि तो काढायला गावंच्या गावं उठवली गेली. व्हेस्टरातच्या लोकांनाही दूर माळावर नवं गाव बांधून दिलं. घरं रिकामी झाली, चर्च बंद झालं, कब्रस्तानातली माणसंसुद्धा नव्या गावात हलवली. आणि एवढं सगळं उरकल्यावर वरचा निर्णय फिरला. खाण गावाच्या अलीकडेच थांबणार होती. म्हणजे गाव उभं राहिलं आणि माणसं निघून गेली.

‘‘उन्हाळ्यानंतर चर्चमधली बाकं काढणार,’’ योहाना म्हणाली. ‘‘तिथे कार्यशाळा की हॉल, असं काहीतरी होणार आहे. त्याआधी या शनिवारी जुन्या लोकांसाठी शेवटचं उघडणार. माझ्या पणजोबांचे वडील सुतार होते. ती बाकं त्यांनी केली. पप्पांचा बाप्तिस्मा तिथे, लग्न तिथे, माझाही बाप्तिस्मा तिथेच. आणि पप्पा म्हणतात, मी पाय ठेवणार नाही. आईची कबर तिथून हलवली त्या दिवसापासून ते गेलेच नाहीत. नंतर त्यांना फार वाईट वाटेल, बाबा. मला माहितीये. तुम्ही म्हणालात तर येतील. पाहुण्याला नाही म्हणणं त्यांना जमत नाही.’’

मी हो म्हणालो. आणि लगेच मनात आलं, की हिने हे काम दुसऱ्या कुणाला तरी सांगायला हवं होतं.

त्याचं कारण इथे सांगून टाकतो. मी पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, पण सुरुवात केली ती बुडीत क्षेत्राच्या सर्व्हेवर. शिरवडी नावाचं गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं. तिथलं एकूणएक घर मी टेपने मोजलं आणि प्रत्येक दारावर गेरूने आकडा घातला. तीन महिने मी त्याच गावात, भैरवनाथाचे पुजारी दगडू गुरव यांच्या ओसरीवर राहिलो आणि त्यांच्या घरची भाकरी खाल्ली. सुनेच्या माहेरचं गाव उठलं, तेव्हा मी फोनवर हळहळलो, पण मी टेपच्या कुठल्या बाजूला उभा होतो हे या घरात कधी बोललो नाही. सुनंदालाही मी सर्व्हेवर होतो इतकंच ठाऊक होतं.

नवं व्हेस्टरात, शुक्रवार

वाटेत निखिलने खाणीच्या काठावर गाडी थांबवली. बघ्यांसाठी तिथे लोखंडी सज्जा केला आहे. मी धरणांच्या पायाचे खड्डे पाहिलेला माणूस, पण कठड्याशी गेलो आणि दोन पावलं मागे आलो. आमचं धरण भिंतीसकट त्यात ठेवलं असतं तर वरून शोधावं लागलं असतं. तळाशी एक यंत्र उभं होतं, त्याच्या चाकाला बादल्या लावलेल्या होत्या, आणि ते इतकं लांब होतं की खेळण्यातलं वाटत होतं. ईराने तिच्या बाबाला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. ‘‘ती विचारतेय, हे परत भरणार का,’’ निखिल म्हणाला. पाणी सोडून तळं करणार आहेत, असं त्याने तिला सांगितलं. पाण्याचं नाव निघालं आणि मी गाडीत जाऊन बसलो.

नव्या गावाच्या पाटीवर व्हेस्टरात लिहून कंसात ‘नवं’ लिहिलं आहे. गाव स्वच्छ, रस्ते सरळ, घरं हवेशीर. नावं ठेवायला जागा नाही. पण गाडीतून उतरताच मला ते ओळखीचं वाटलं आणि का ते थोड्या वेळाने कळलं. सगळी झाडं एका वयाची होती. आमच्या पुनर्वसित गावठाणांतही अगदी असंच असतं. कडुलिंबांची रांग एकाच वर्षी लावलेली आणि एकाच उंचीची. रस्त्यांना जुन्या गावातल्याच रस्त्यांची नावं दिली आहेत. ‘चर्चची गल्ली’ आहे, पण तिच्या टोकाला चर्च नाही. प्रार्थनेची एक नवी लहानशी खोली आहे आणि समोर पार्किंग.

व्याही हेर्मान दारातच उभे होते. ऐंशी ओलांडलेले, उंच, ताठ, आणि उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक करवतीने नेलेलं. तेही सुतारच. मला पाहिलं की ते हात जोडून ‘नमस्कार’ म्हणतात आणि मी त्यांना ‘गुटन टाग’ म्हणतो, मग दोघेही आपापलं भांडवल संपल्यामुळे हसत उभे राहतो. पुढचं सगळं योहानाच्या तोंडून. सुनंदाने आहेर काढला. त्यांनी नारळ हातात घेऊन उलटसुलट फिरवला, शेंडीचा धागा नखाने ओढून पाहिला आणि याचा दोर होतो का, असं विचारलं. चकलीपेक्षा त्यांना नारळाची साल आवडली.

जेवायला पांढरं श्पार्गेल, म्हणजे ॲस्परॅगस होतं. मे महिन्यात अख्खा जर्मनी या भाजीमागे लागलेला असतो. आपल्याकडच्या आंब्याइतकाच तिचा हंगाम थोडका आणि कौतुक अफाट. दिसायला सोललेली शेवग्याची शेंग. मी त्याच भरवशावर चावून चोथा काढायच्या तयारीत राहिलो आणि तोंडात काहीच उरेना. सोबत उकडलेले बटाटे आणि वर लोण्या-अंड्याचा पिवळा रस्सा. सुनंदाने पर्समधून लसणाच्या चटणीची डबी काढली. व्याह्यांनी चमचाभर मागून घेतली, खाल्ली, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

साडेतीनला कॉफी आणि रूबार्ब नावाच्या आंबट देठांचा केक झाल्यावर आम्ही कब्रस्तानात गेलो. विहीणबाई मार्गारेट इथे आहेत, म्हणजे जुन्या गावातून इथे आणल्या गेल्या आहेत. कबर अशी राखलेली की बागेत आल्यासारखं वाटावं. काळी माती, निळी फुलं, आणि दगडापाशी झाकणाचा लाल दिवा. सुनंदा तो दिवा पाहून थबकली. मग माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘‘अहो, हे तर आपले नवरात्रातले दिवे.’’

खरंच होतं. निखिलकडून परत येताना दर वेळी ती इथल्या दुकानातून या दिव्यांचा डझन घेऊन येते. चार-चार दिवस जळतात, वाऱ्याने विझत नाहीत, अखंड दिव्याची काळजी मिटते. कशासाठी विकतात हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. पुण्याला आमच्या देवघरात गेली कितीतरी वर्षं कबरीवरचे दिवे जळत आहेत, आणि सोसायटीतल्या चार जणींनी ते हौसेने मागून नेले आहेत.

योहानाने ऐकलं होतं. ती हसू दाबत वडिलांना सांगायला लागली, तसे व्याहीही हसले, खांदे हलवत हसले. म्हणाले, ‘‘मार्गारेटला हे फार आवडलं असतं. तुमच्या देवाला आणि तिला एकच दिवा.’’

माणूस हसतोय तोवर विचारून घ्यावं, म्हणून मी शनिवारचं काढलं. म्हटलं, मला तुमचं चर्च बघायचंय, आणि ते तुम्ही दाखवावं.

त्यांचं हसू थांबलं. वाकून त्यांनी कबरीवरचं एक वाळकं पान उचललं.

‘‘तिथे बघण्यासारखं काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘देव काढून नेला. मार्गारेटला काढून नेलं. आता ते गोडाऊन आहे.’’ पान बाजूला टाकून पुढे म्हणाले, ‘‘पण तुम्ही पाहुणे. मी तुम्हाला दारापर्यंत नेईन. आत येणार नाही.’’

योहानाने माझ्याकडे पाहिलं. अर्धं काम झालं होतं, पण अर्धंच.

जुनं व्हेस्टरात, शनिवार

निखिल, सुनंदा आणि ईरा व्याह्यांच्या घरीच थांबले. योहाना गाडी चालवत होती, पुढे व्याही, मागे मी. दोन्ही बाजूंना बीटाची कोवळी शेतं आणि त्यांत उभ्या पवनचक्क्या. मग एक वळण आलं आणि गाव लागलं.

मी बुडालेलं गाव पाहिलेलं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चौथरे वर येतात, गाळाने भरलेले. हे गाव तसं नव्हतं. विटांची भक्कम घरं, खिडक्यांना पडदेसुद्धा, आणि फक्त माणूस नाही. अंगणातलं गवत कमरेपर्यंत वाढलेलं. गुलाबाचे वेल छाटणाऱ्याच्या अभावी छपरावर चढलेले. एका दारावर अजून पत्राच्या पेटीला नाव होतं.

आत येणार नाही म्हणणारे व्याही गाडीत मात्र बोलायला लागले. हे बेकरीवाल्याचं घर, पहाटे इथून पावाचा वास यायचा. हा तबेला, इथे मी घोड्यावरून पडलो. या माडीचा जिना माझ्या हातचा, सतरा पायऱ्या, एकही कुरकुरत नाही. योहाना भाषांतर करता करता मध्येच थांबायची आणि ‘‘हे मलाही माहीत नव्हतं’’ असं म्हणायची. एका हिरव्या दारासमोर तिने गाडी सावकाश केली. दोघांच्याही माना त्या दाराकडे वळल्या. ते त्यांचं घर असणार हे मला कळलं.

चर्च गावाच्या मधोमध. चौकोनी दगडी मनोरा चारशे-पाचशे वर्षांचा, बाकीचं बांधकाम लाल विटांचं आणि नंतरचं. दारापाशी पंधरा-वीस म्हातारी माणसं उभी होती. ती हेर्मानला पाहून पुढे आली. कुणी हात हातात घेतला, कुणी पाठीवर थाप मारली. सगळ्यांनी सणाला घालतात तसे कपडे घातले होते. हळूहळू सगळे आत गेले. आम्ही तिघे राहिलो.

‘‘योहाना, यांना आत ने,’’ व्याही म्हणाले. ‘‘मी इथे आहे.’’

दार उघडं होतं. मी उंबऱ्यापाशी गेलो आणि सवयीने खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागलो. गुडघे कुरकुरले, म्हणून भिंतीचा आधार घेतला. व्याह्यांनी मागून काहीतरी म्हटलं.

‘‘बाबा, ते म्हणतायत बूट काढायची गरज नाही,’’ योहाना म्हणाली. ‘‘आमच्यात चर्चमध्ये बूट काढत नाहीत. आणि हे आता चर्चही राहिलेलं नाही. देव नाहीये आत.’’

‘‘देव नसेल,’’ मी म्हणालो. ‘‘पण होता ना इतकी वर्षं. आमच्याकडे देव हलवलेल्या जागीही आम्ही चपला घालून जात नाही.’’

मी काही शहाणपण सांगायला गेलो नव्हतो. मला खरोखर दुसरं सुचलंच नसतं. शिरवडीचा भैरवनाथ गावाबाहेर नेल्यावर रिकाम्या गाभाऱ्यासमोरून जाणारी माणसं चपला हातात घेऊन जाताना मी पाहिली आहेत. योहानाने वडिलांना सांगितलं. मी बूट भिंतीशी लावले आणि मोज्यांवर आत गेलो. फरशी बर्फासारखी गार होती.

चार पावलं गेल्यावर मागे पावलं वाजली. व्याही आत आले होते. त्यांनी बूट काढले नव्हते, पण टोपी काढून छातीशी धरली होती. दारालगत भिंतीत पवित्र पाण्यासाठी एक दगडी खोलगट वाटी आहे. न बघता त्यांचा हात त्या वाटीत गेला, तर्जनीचं तुटकं टोक कोरड्या दगडाला लागलं, आणि हात तिथेच थांबला. मग त्यांनी ती कोरडीच बोटं कपाळाला, छातीला आणि दोन्ही खांद्यांना लावली. योहाना माझ्या बाजूला उभी राहून रडत होती आणि मी तिला थांबवलं नाही.

आत फारसं काही शिल्लक नव्हतं. वेदीवरचं सगळं नेलेलं. छतातून एक साखळी लोंबत होती. तिच्या टोकाला पूर्वी अखंड दिवा असायचा, आपल्या नंदादीपासारखा. शेवटच्या प्रार्थनेच्या दिवशी सगळ्या गावासमोर तो विझवला गेला, असं योहानाने सांगितलं. मी तिला आमचा कौल सांगितला. भैरवनाथ गाव सोडायला तयार आहे का, हे विचारायला दगडू गुरवांनी मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओली फुलं चिकटवली होती. उजवं पडलं तर होकार. दोनदा डावं पडलं आणि बायका रडायला लागल्या. तिसऱ्यांदा गुरवांनी उजवं फूल जरासं सैल लावलं. ते मी पाहिलं, आणि मी पाहिलेलं त्यांनीही पाहिलं. फूल पडलं आणि गाव हललं. त्या माणसाला देवासमोर खोटं करावं लागलं, कारण माझ्या टेपपुढे दुसरा इलाज नव्हता.

हे पप्पांना सांगू का, असं योहानाने विचारलं. मी थांब म्हटलं.

व्याही डावीकडच्या तिसऱ्या बाकापाशी होते. त्यांनी मला खूण करून बोलावलं, एक गुडघा टेकून खाली वाकले आणि बाकाच्या खालच्या अंगाला माझा हात नेला. तिथे पटाशीने केलेल्या तीन बारीक खाचा होत्या. ‘‘माझ्या आजोबांच्या वडिलांची खूण,’’ ते म्हणाले. ‘‘वर नाव घालायची परवानगी नव्हती, म्हणून खाली. आमच्या घरातलं प्रत्येक पोर प्रार्थना चालू असताना ही खूण चाचपत बसायचं.’’ योहानाचा हातही आपोआप तिथे गेला.

आम्ही तिघे त्या बाकावर बसलो. लोक बोलत होते, कुणी फोटो काढत होतं. व्याह्यांनी विचारलं, ‘‘तुमच्याकडेही गावं हलवतात?’’

आता गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणंच झालं असतं. मी योहानाला म्हणालो, ‘‘मी सांगतो ते जसंच्या तसं सांग, बाळा. मऊ करू नकोस. मी पंचवीस वर्षांचा असताना एका गावच्या पुजाऱ्याच्या घरी तीन महिने राहून तिथलं प्रत्येक घर मोजलं. लोकांच्या दारांवर आकडे मी घातले. गाव उठवायला आलेला माणूस मी होतो.’’

तिने वडिलांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

‘‘बाबा, हे तुम्ही मला कधीच नाही सांगितलं.’’

‘‘कुणालाच नाही.’’

तिने सांगितलं. ती बोलत असताना मी समोरच्या भिंतीवरचा क्रूस काढल्याचा फिकट डाग बघत राहिलो. तिचं बोलणं माझ्यापेक्षा लांबलं, म्हणजे तिने फूलही सांगून टाकलं असावं. व्याह्यांनी टोपी मांडीवर ठेवली. मग त्यांनी एकच विचारलं.

‘‘ते विचारतायत,’’ योहाना म्हणाली, ‘‘शेवटच्या दिवशी तुम्ही तिथे होतात का?’’

या उत्तराला मला दुभाषा लागला नाही. ‘‘नाइन,’’ मी म्हणालो.

ट्रक आले त्या दिवशी ताप आल्याचं कळवून मी तालुक्याच्या गावी लॉजवर पडून होतो. ताप नव्हता. गुरवांच्या घरातल्यांची तोंडं बघायची हिंमत नव्हती.

व्याही बोलायला लागले, हळू आणि तुटक. योहाना एकेक वाक्य माझ्याकडे देत होती.

‘‘आमच्याकडेही एक जण यायचा मोजायला. तरुण होता. मार्गारेट तेव्हा होती. ती त्याच्यासाठी केक करायची. तीन वेळा आला. प्रत्येक खोली, माळा, तळघर, सगळं त्याने लिहून घेतलं. मला त्याचा राग यायचा. पुढे मार्गारेट गेली. मग घर सोडायचा दिवस आला. मी सकाळी कॉफी केली आणि दोन कप काढले. मला वाटलं, तो येईल.’’

‘‘कशाला?’’ मी विचारलं.

‘‘ते घर माझ्याशिवाय अख्खं पाहिलेला जिवंत माणूस तो एकटाच होता. योहानाला तळघराची भीती वाटायची, ती कधी खाली गेली नाही. त्याला सगळं माहीत होतं. कुलूप लावताना कुणीतरी माहितीचं जवळ असावं, एवढंच मला हवं होतं.’’

योहानाने शेवटचं वाक्य सांगितलं आणि वडिलांचा हात धरला.  इतकी वर्षं मला वाटत आलं, की माझं तोंड न दिसणं हीच त्या लोकांवर केलेली मेहेरबानी.

‘‘तुम्हाला अजून आठवतं?’’ व्याह्यांनी विचारलं. ‘‘ते पुजाऱ्याचं घर?’’

आठवत होतं. मी सांगायला लागलो. पूर्वेला दार. सागाचा उंबरा, मध्ये झिजलेला. ओसरी नऊ फूट रुंद. आत तीन खण. मधल्या खणात तुळईला पाळण्याची कडी. तुळई कुठल्या लाकडाची, असं त्यांनी मध्येच विचारलं. आंब्याची, म्हटल्यावर नाराजीने मान हलवली, कीड लागते म्हणाले. मी पुढे सांगत गेलो, मागच्या पडवीपर्यंत पोचलो, तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘‘हे मला कशाला सांगताय?’’ ते म्हणाले. ‘‘त्यांना जाऊन सांगा.’’

चारच्या सुमाराला चर्चची देखभाल करणारी बाई किल्ल्या घेऊन आली. सगळे बाहेर पडले. मी बूट घालत होतो. व्याही दारापाशी थांबले होते. बाईने कुलूप लावेपर्यंत ते तिच्या शेजारी उभे राहिले, आणि मग आपण होऊन गाडीकडे चालायला लागले. परतताना त्या हिरव्या दारासमोर त्यांनी योहानाला गाडी थांबवायला सांगितलं. बापलेक खाली उतरले. मी आत बसून राहिलो. काचेतून दिसत होतं, की ते हातवारे करून तिला काहीतरी समजावतायत, जमिनीकडे बोट करून. तळघराचं असावं.

शिरवडी, परत आल्यावर

पुण्याला आल्यावर आठवडाभर मी टाळाटाळ केली. मग सुनंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मी येते बरोबर. पण बोलायचं तुम्ही.’’

शिरवडीचं नवं गावठाण हमरस्त्याला लागून आहे. कडुलिंब आता मोठे झाले आहेत. दगडू गुरव जाऊन बरीच वर्षं झाली, असं रस्त्यातच कळलं. त्यांचा मुलगा भैरवनाथाच्या नव्या देवळात पूजेला गेला होता. घरी त्याची बायको होती, पन्नाशीची. अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती.

‘‘कोण पाहिजे?’’ तिने विचारलं.

‘‘मी तुमचं जुनं घर मोजायला आलो होतो,’’ मी म्हणालो. ‘‘धरणाच्या वेळी. तुमच्या सासऱ्यांच्या ओसरीवर तीन महिने राहिलो होतो.’’

ती रागावेल याची मी तयारी केली होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले.

‘‘तुम्ही बघितलंय व्हय ते घर?’’ ती म्हणाली. ‘‘मी लगीन होऊन आले ती हितंच. सासरे मरेपर्यंत त्याच घराचं बोलायचे. पण सांगायचे ते मधनंच. कडीचा पाळणा, मागचा फणस, असलं. मला घर काही दिसायचं नाही. कसं होतं वो?’’

मी तिच्या अंगणात उभा राहिलो आणि दारापासून सांगायला सुरुवात केली. उंबरा, ओसरी, पहिला खण. ती माझ्या हाताकडे बघत होती. मधल्या खणापर्यंत आलो तेव्हा तिने मला अडवलं.

‘‘चूल कुठं होती?’’

‘‘या इथे मधलं दार धरा,’’ मी म्हणालो. ‘‘डावीकडे वळायचं. तिथून चार पावलं.’’

ती उठली. मी दाखवलं तिथे उभी राहिली, डावीकडे वळली आणि मोजून चार पावलं चालली.

‘‘हितं?’’

‘‘तिथेच,’’ मी म्हणालो.